आईबरोबर आलीय

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेले आठ दिवस जो वाद चाललाय तो वाचून वाचून डोकं उठलं, म्हणून हे लिहायला बसलो. झालं असं की कोपऱ्यावरच्या अमृततुल्यवर कामगार खात्याची धाड पडली. तिथे ग्लास विसळणारा आणि आजूबाजूच्या दुकानांत चहा पोचवणारा एक पोरगा होता, तेराएक वर्षांचा असेल, त्याला घेऊन गेले आणि मालकावर केस झाली. लगेच ग्रुपचे दोन तट. एका बाजूचं म्हणणं, बरं झालं, अशा मालकांना आतच टाकायला पाहिजे, आणि मालकाला नाही तर निदान त्या आईबापांना, जन्माला कशाला घालतात. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पोरगं इमानदारीत कष्ट करत होतं, आता ते घरी उपाशी बसणार, आणि आम्ही नाही का लहानपणी पेपर टाकले, आमचं काय वाईट झालं? मग बी विंगच्या काकांनी त्यांच्या वडिलांची माधुकरीची गोष्ट सांगितली आणि गाडी नेहमीच्या रुळावर गेली.

दोन्ही बाजू एकच चूक करतायत असं मला वाटतं. दोघांच्याही डोळ्यांपुढे तो चहावाला पोरगाच आहे, म्हणजे एक मालक, एक पोर आणि दोघांमधला पगार. असा पोरगा सापडायला सोपा, त्याच्यावर दया करायला सोपा आणि त्याचा फोटो काढायलाही सोपा. पण बालमजुरीचा मोठा भाग असा दिसतच नाही, कारण त्यात पोराला कोणी कामावर ठेवलेलंच नसतं, पगार दिलेला नसतो आणि त्याचं नाव कुठल्याही हजेरीवर नसतं. ते आईबापाच्या मजुरीच्या आत दडलेलं असतं. मोठ्या माणसाचा रेटच असा ठरवलेला असतो की पोराचे हात लागल्याशिवाय दिवस भरत नाही. तो रेट जोवर कोणी हलवत नाही तोवर धाडी टाका नाहीतर आसवं गाळा, फरक पडणार नाही, हे माझं म्हणणं आहे.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. गेली एकोणीस वर्षं मी बांधकाम लाइनमध्ये बिलिंगचं काम करतो, म्हणजे ठेकेदाराची आरए बिलं, काम चालू असताना टप्प्याटप्प्याने येणारी, तपासायची, मापं घ्यायची, रेट लावायचा. प्लास्टर स्क्वेअर फुटावर, बांधकाम ब्रासवर, टाइल्स फुटावर. माझ्या शीटमध्ये माणूस कुठेच नसतो, फक्त क्षेत्रफळ असतं. काही वर्षांपूर्वी वाघोलीकडच्या एका साइटवर मी जिन्याचं माप घेत होतो. खाली एक मुलगी वाळू चाळत होती, नऊ-दहा वर्षांची. चाळणी तिच्या उंचीची, दोन्ही हातांनी ती ढकलायची आणि मध्येच थांबून शेजारी साडीच्या झोळीत टाकलेल्या भावाला पायाने झोका द्यायची, हात वाळूचे होते ना. मी मुकादमाला विचारलं, ही कामावर आहे का रे? तो म्हणाला, नाय साहेब, आईबरोबर आलीय. आणि तो खोटं बोलत नव्हता हो. खरंच आईबरोबरच आली होती. आई वर गिलाव्याचा माल पोचवत होती, खालची चाळलेली वाळू वेळेत मिळाली नसती तर गवंडी थांबला असता आणि नवरा-बायकोच्या जोडीचे त्या दिवसाचे फूट कमी भरले असते. मी माप लिहिलं, रेट लावला, बिल पास केलं. त्या बिलात त्या मुलीची चाळलेली वाळू होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

कायद्याचं बघा. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर पाळणाघराची सोय करणं बंधनकारक होतं. आमच्या त्या साइटवर बायका शंभरच्या पुढे असतील, पण रजिस्टरमध्ये आकडा कधी अठराच्या वर गेला नाही, कारण रेट जोडीचा आणि नाव नवऱ्याचं. बायकोच कागदावर नाही तर तिची मुलगी कुठून येणार? बालमजुरीचा कायदा २०१६ साली कडक केला, चौदा वर्षांखाली सगळीकडे बंदी, चौदा ते अठरा धोकादायक कामांना बंदी, पण त्याचवेळी शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्यांना किंवा घरच्या व्यवसायाला मदत करायला सूट दिली. ठेकेदाराचं काम म्हणजे घरचा व्यवसाय नव्हे हे कोणीही वकील सांगेल, पण साइटवर इन्स्पेक्टर आला की हेच वाक्य चालून जातं, आईबरोबर आलीय.

आणि हे फक्त वाघोलीत चालतं असं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ दर चार वर्षांनी अंदाज काढतात. २०२४ सालच्या अंदाजाप्रमाणे जगात १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरीत आहेत, त्यातली ५ कोटी ४० लाख धोकादायक कामात. सन २००० मध्ये हाच आकडा २४ कोटी ६० लाख होता, म्हणजे काहीच झालं नाही असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं, झालंय, बरंच झालंय. पण २०२५ पर्यंत बालमजुरी संपवायची असं सगळ्या देशांनी ठरवलं होतं, ती तारीख गेली. आता हे १३ कोटी कुठे आहेत? कारखान्यात? नाही, ६१ टक्के शेतीत. आणि २०२० च्या अहवालात असंही होतं की बालमजुरी करणाऱ्या दर दहातली सातपेक्षा जास्त मुलं स्वतःच्याच कुटुंबाबरोबर काम करतात. म्हणजे जगभर पोरं आईबरोबरच आलेली आहेत.

आपल्या जवळचं उदाहरण घ्यायचं तर पुण्यात शिवाजीनगरला साखर संकुल आहे, राज्याच्या साखरधंद्याचा कारभार तिथून चालतो. तिथून सोलापूर रोडने तासा-दीड तासावर दिवाळीनंतर ऊस तोडायला बीड, नगरकडची कुटुंबं उतरतात, माळरानावर कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. भाषाच बघा, दोन माणसांना मिळून एका हत्याराचं नाव. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची टनावर. २०२४ च्या सुरुवातीला संपाच्या तयारीनंतर टनाचा दर ३४ टक्के वाढला आणि साडेतीनशेच्या पुढे गेला, चांगली गोष्ट आहे, पण तो दरही कोयत्याचाच. पाचट बाजूला कोण करतं, धाकट्याला कोण सांभाळतं, पहाटे फडावर निघताना कोपीत चूल कोण पेटवतं, वाढ्याच्या पेंढ्या कोण बांधतं? अकरा वर्षांची मुलगी घरी आजीजवळ ठेवली तर शाळा होते, बरोबर आणली तर कोयता भराभर चालतो. त्या आईला दोन्ही कळतं. तिच्यावर 'जन्माला कशाला घालता' म्हणणाऱ्याने एकदा फक्त उचलीचा हिशोब करून बघावा.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे, आणि त्यातले काही फार दमदार आहेत, हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. सगळ्यात मोठा मुद्दा असा की बंदीनेच नुकसान होतं. अमेरिकेत १९९२ च्या सुमाराला हार्किन नावाच्या सिनेटरने बालमजुरीचा माल आयात करायला बंदी घालणारं विधेयक आणलं. ते पास झालंही नाही, नुसत्या धाकाने बांगलादेशच्या कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो मुलं रातोरात काढून टाकली, युनिसेफने तो आकडा पन्नास हजारांच्या आसपास दिला होता. त्यातली बरीच मुलं शाळेत नाही गेली, खडी फोडायला गेली, रस्त्यावर गेली, काही मुली त्याहून वाईट ठिकाणी. आपल्याकडच्या १९८६ च्या कायद्याचा अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला तर निघालं की बंदीनंतर मुलांची मजुरी अजून घसरली आणि गरीब घरांतून जास्त मुलं कामाला लागली, कारण तेवढेच पैसे आणायला आता जास्त हात लागत होते. तेव्हा ग्रुपवरचे कनवाळू लोक म्हणतात की धाडीने पोरगं उपाशी राहील, तर ते उगाच बोलतात असं मी म्हणणार नाही. इतिहास त्यांच्या बाजूने आहे, अर्धा तरी.

पण उरलेला अर्धा कोणी सांगत नाही. बांगलादेशात १९९५ ला कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्यात करार झाला, की मुलाला काढायचं तर आधी शाळेत जागा आणि महिन्याला थोडा भत्ता. त्यानंतर त्या कारखान्यांतली बालमजुरी खरोखर खाली आली. फसलं ते काय होतं? नुसती बंदी, मागेपुढे काही नसलेली. यावरून 'मग राहू दे, काम करू दे' हा निष्कर्ष कसा निघतो? औषध चुकीच्या डोसने दिलं म्हणून आजारच बरा आहे असं कोण म्हणतं!

दुसरा मुद्दा गरिबीचा. आधी गरिबी हटवा, बालमजुरी आपोआप जाईल. ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं की कोणी उलटतपासणीच करत नाही. पण मग असं का, की महाराष्ट्रातल्या सगळ्यात पैसेवाल्या पट्ट्यात, साखरेच्या पट्ट्यात, एवढी पोरं फडावर दिसतात? पुण्यात फ्लॅटचे भाव चढतात तशी लेबर कॅम्पमधली पोरं वाढतात, कमी होत नाहीत. पोरं कामाला जातात ती जिथे काम आहे तिथे. गरिबी त्यांना घरातून ढकलते हे खरं, पण ओढून घेणारा कोणीतरी श्रीमंत असतो, त्याच्याबद्दल आपण बोलत नाही, कारण बऱ्याचदा तो आपणच असतो. आणि पोरं स्वस्तात मिळायला लागली की मोठ्यांचा भाव पडतो, मोठ्यांचा भाव पडला की घर गरीब राहतं, घर गरीब राहिलं की पोर कामाला. म्हणजे आपण ज्याला कारण म्हणतोय तो निम्मा तर परिणाम आहे.

श्रीमंत झाल्यावरच पोरं शाळेत घातली असं तरी कुठे झालंय? शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. तेव्हाचं कोल्हापूर काय फार धनवान होतं? सयाजीरावांनी त्याआधीच बडोद्यात सुरुवात केली होती, आधी अमरेली तालुक्यात करून बघितलं आणि १९०६ ला सगळ्या राज्यात. केरळने शाळा भरल्या तेव्हा केरळ गरीबच होतं. याउलट ब्रिटिश हिंदुस्थानात आपल्या गोखल्यांनी १९११ ला सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, अगदी जपून, फक्त सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरतं, स्थानिक संस्थेला परवडलं तरच, तरी पुढच्या वर्षी कौन्सिलने ते पाडलं. खर्च परवडणार नाही, वेळ आलेली नाही, लोकांनाच नको आहे. ग्रुपवर काल कोणीतरी अगदी हेच टाइप केलं होतं, एकशे दहा वर्षं जुनं वाक्य, फक्त शेवटी हात जोडलेला इमोजी.

आणि त्याच्याही आधी जोतीराव. फुले स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते हे आमच्या लाइनमधल्या लोकांनासुद्धा माहीत नसतं, खडकवासल्याच्या धरणाच्या कामात त्यांचा ठेका होता. लेबर कसं राबतं हे त्यांनी जवळून बघितलं होतं. १८८२ ला इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिलं, त्यात त्यांनी साधी गोष्ट सांगितली की शेतकऱ्याची पोरं शाळेत येत नाहीत कारण कमालीची गरिबी आहे आणि गुरं राखायला, शेत बघायला ती घरी लागतात. एवढं सांगून ते थांबले असते तर आजच्या ग्रुपवर त्यांना भरपूर अंगठे मिळाले असते. पण त्यांनी लगेच दोन मागण्या एकत्र ठेवल्या, शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा आणि अशा मुलांना शिष्यवृत्त्या, बक्षिसं द्या. सक्तीही हवी आणि घराचं नुकसान भरून काढणारं काहीतरीही हवं. त्याच्या आदल्या वर्षी सरकारने पहिला फॅक्टरी ॲक्ट केला होता, त्यात कामावर घ्यायचं किमान वय किती होतं माहितीये? सात.

जिथे जिथे हे नीट जमलंय तिथे मला तीच जोडी दिसते, बंदी आणि मोठ्यांची मजुरी एकाच कागदावर. अमेरिकेत १९१६ ला बालमजुरीविरोधी कायदा झाला, दोन वर्षांत सुप्रीम कोर्टाने तो उडवला. मग १९३८ ला जो कायदा टिकला त्यात बालमजुरीची बंदी आणि किमान वेतन दोन्ही एकत्र होतं. बाप तासाला पंचवीस सेंटच्या खाली राबवता येणार नाही आणि सोळाच्या आतला पोरगा कारखान्यात घेता येणार नाही. त्यांनी शेती मात्र मोकळी सोडली आणि आजही तिथे बारा वर्षांचं पोर आईबापाच्या परवानगीने, शाळेची वेळ सोडून, शेतावर मजुरीला जाऊ शकतं, म्हणजे महासत्ता झालं तरी शेताच्या बांधावर कायदा अडतोच. आपल्याकडे १९८२ ला दिल्लीतल्या एशियाडच्या, म्हणजे आशियाई खेळांच्या, बांधकामांवरून सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. त्या एकाच निकालात कोर्टाने दोन गोष्टी सांगितल्या, बांधकाम हे मुलांसाठी धोकादायक काम आहे, आणि किमान वेतनापेक्षा कमी दिलं तर ती वेठबिगारी. एकाच साइटवरचे दोन प्रश्न, एकच निकाल. आपण पहिला भाग भाषणात वापरतो आणि दुसरा विसरून जातो.

पुण्यातलंच उदाहरण द्यायचं तर कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नव्वदच्या आसपास कचराकुंड्यांवर कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर पोरं हमखास दिसायची, माझ्या कॉलेजच्या वाटेवर रोज दिसायची. १९९३ ला या बायकांची संघटना झाली, ओळखपत्रं मिळाली, पुढे २००८ ला स्वच्छ संस्था झाली आणि दारोदार कचरा गोळा करून घराघरातून महिन्याचे ठरलेले पैसे मिळायला लागले. पोरांनी कचरा वेचायचा नाही, शाळेत जायचं, ही भूमिका संघटनेचीच होती, बाहेरून कोणी लादली नव्हती. आईची कमाई किलोवरून महिन्यावर आली की पोराचे हात काय उपयोगाचे? किलोवर असताना प्रत्येक जास्तीचा हात म्हणजे जास्तीचं वजन. हे गणित चौथीतल्या पोरालाही सुटेल, मग लेबर ऑफिसला का सुटत नाही कळत नाही.

पेपर टाकणाऱ्यांबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे, नाहीतर ते सोडणार नाहीत. अहो, सकाळी एक तास पेपर टाकून साडेसातच्या शाळेला जाणं याला कोणी बालमजुरी म्हणत नाही. जागतिक मोजमापातसुद्धा बारा ते चौदा वर्षांच्या मुलाचं आठवड्याला चौदा तासांच्या आतलं हलकं काम धरत नाहीत. मीही दिवाळीत मामाच्या दुकानात आकाशकंदील विकलेत आणि त्यातून हिशोब शिकलो, खोटं कशाला बोलू. बोलिव्हियात तर काम करणाऱ्या मुलांच्या संघटनेनेच मागणी लावून धरली आणि २०१४ ला दहा वर्षांपासून कामाला परवानगी देणारा कायदा झाला, चार वर्षांत तो मागे घ्यावा लागला, पण त्या मुलांचं म्हणणं मी वाचलंय, ते मूर्खपणाचं नव्हतं. आम्हाला चोरासारखं लपवू नका, एवढंच होतं ते. फरक इतकाच की तुम्ही पेपर टाकायचं सोडलं असतं तर घरची चूल विझली नसती. सोडता येतं का, हा प्रश्न विचारा. वाळू चाळणाऱ्या मुलीला सोडता येत नव्हतं.

शाळेबद्दल थोडं. शाळाच धड नाही, तिथे बसून पोरगं काय शिकणार, हा आक्षेप मला सगळ्यात जास्त बोचतो कारण बऱ्याच ठिकाणी तो खरा आहे. पण तेलंगणात, तेव्हाच्या आंध्रात, शांता सिन्हा आणि एम. व्ही. फाउंडेशनने नव्वदच्या दशकात रंगारेड्डी जिल्ह्यात सुरुवातच इथून केली की जे मूल शाळेत नाही ते बालमजूर, बाकीची वर्गवारी नको. कॅम्प घेऊन मुलांना त्यांच्या वयाच्या वर्गापर्यंत आणलं आणि आईबाप म्हणजे अडथळा असं न समजता त्यांच्याशीच बोलत बसले, आणि निघालं असं की बहुतेक आईबापांना पोर शाळेतच हवं होतं, फक्त कोणी दार उघडत नव्हतं. आमच्याकडे पुण्यात साइटवर गाडी पाठवून मुलांना शाळेत नेणाऱ्या संस्था आहेत, त्यांची गाडी ज्या साइटवर येते तिथे मी बघितलंय, सकाळी पोरं अंघोळ करून, भांग पाडून रस्त्याला उभी असतात. बाप तोवर घमेलं भरतोय. पण गाडी साइटच्या आत न्यायला सिक्युरिटी परवानगी मागतो आणि परवानगी कधी येते, कधी येत नाही.

तर आता मूळ मुद्द्यावर. आमच्याच ग्रुपवर, त्या अमृततुल्यच्या वादाच्या मधेमधे, दुसरा एक विषय चालू आहे, सोसायटीचं बाहेरून प्लास्टर आणि पेंटिंग. तीन कोटेशन आलीत, सगळी स्क्वेअर फुटावर. कमिटीत मी आहे म्हणून रेट बघायला माझ्याकडे दिली. सगळ्यात खालचं कोटेशन ज्याचं आहे त्याला मी फोन केला, एवढ्यात कसं परवडतं? म्हणाला, साहेब, फॅमिलीवाली गँग आहे, निघतं. फॅमिलीवाली गँग म्हणजे काय ते मला माहिती आहे, आणि ग्रुपवर ज्यांनी काल डोळे पुसले त्यांनाही मी ते समजावून सांगितलं. मग तीन अटी लिहून टाकल्या: रेट फुटावर असला तरी प्रत्येक बाईचं आणि पुरुषाचं नाव मस्टरला, दिवसाचं किमान वेतन प्रत्येकाच्या खात्यात वेगळं, आणि काम चालू असेपर्यंत खालचा क्लब हाऊसचा हॉल मुलांसाठी उघडा, जवळच्या मनपा शाळेत सोडायला रिक्षा सोसायटीची. याने फुटामागे किती वाढतं तेही काढून दिलं, फ्लॅटमागे विभागून दिलं, एक्सेल शीट जोडली.

पहिला प्रश्न बी विंगच्या काकांचा आला, क्लब हाऊसच्या फरशीचं काय. त्यानंतर अजून तरी कोणी काही लिहिलेलं नाही. मीटिंग रविवारी सकाळी अकराला आहे, हा विषय अजेंड्यावर चौथा, पार्किंगच्या नंतर.